आत्या झाली सोडियम

भाचीची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. मागच्या वेळी, माझे बाबा, म्हणजे तिचे आजोबा, गेले त्याच आठवड्यात, ती परीक्षकांसमोर मुकी बसून आली होती. पुन्हा तसंच झालं तर वर्ष वाया. मज्जापेशीतली वीज तिला बाबाच शिकवायचे, तेही नातेवाइकांना स्वयंपाकघराच्या दारात उभं करून. आता ते काम माझ्याकडे आलं होतं.

“स्वयंपाकघर म्हणजे पेशीची आतली बाजू,” मी म्हटलं. “आत्या, ताई, तुम्ही सोडियम. बाहेर थांबा.”

“मला नेहमी बाहेरच ठेवा!” आत्या फणकारली.

काका आणि दाजी आत, पोटॅशियम. आई म्हणजे पंप: सोडियम बाहेर ढकलायचं, पोटॅशियम आत ओढायचं.

“पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं,” मी सांगू लागले, “आणि जाताना धन भार घेऊन जातं. म्हणून आतली बाजू ऋण.”

“म्हणजे मी गेलो की आत उणीव भासते,” दाजी खुशीत म्हणाले.

“स्वप्नं बघा,” ताई म्हणाली.

मी टाळी वाजवली. संदेश आला, सोडियमची दारं उघडली. आत्या मुसंडी मारून आत घुसली, मागोमाग ताई. आत आता धन. आईने लगेच आत्याचा दंड धरून तिला बाहेर खेचायला सुरुवात केली. मला ते बरोबरच वाटलं.

“आजी, सोड तिला!” ओट्याला टेकून नखं कुरतडणारी भाची पुढे धावली. “सोडियमची दारं आता बंद. आधी पोटॅशियम बाहेर जातं, त्यानेच आत पुन्हा ऋण होतं. पंप मागाहून सावकाश आवरतो. बाबा, काका आजोबा, निघा बाहेर! आणि खऱ्या पेशीत इतकी पळापळ नसते हं. असंख्य आयनांतले मोजकेच हलतात.”

“दादा असाच खेकसायचा,” काका म्हणाले.

आईने आत्याचा दंड सोडला.

“आजोबा जास्त मोठ्याने खेकसायचे,” भाची म्हणाली. “चला, पहिल्यापासून. मावशी, दारातून सरक.”

मी आत्याशेजारी जाऊन उभी राहिले. भाची प्रश्न स्वतःच विचारत होती, उत्तरंही स्वतःच देत होती, आणि मध्येच काकांना दटावत होती.

आत्या माझ्या कानाशी लागली. “उद्या त्या परीक्षकाला तोंड उघडायला मिळत नाही बघ.”