बाल्कनीतलं पातेलं आणि आतलं तूप

मित्रांनो, मी एक जुनं, बुडाशी काळं पडलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आहे. माझ्यात फक्त अंडी उकडली जातात. दिल्लीला सरोजिनी नगरातल्या एका सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. घरात मला जागा नाही. आतली माणसं पाहिल्यावर मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

श्यामकांत देवस्थळी यांनी १९७९ साली मला पहाडगंजच्या बाजारातून आणलं. ते नुकतेच टायफॉइडमधून उठले होते आणि अंगात ताकद यावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज एक अंडं खायला सांगितलं होतं. त्यांच्या पत्नी कुमुदताई सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "खायचं तर खा, पण बाहेर. ते भांडं माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. बिल्कुल नाही."

मग बाल्कनीत माझ्यासाठी वेगळा स्टोव्ह आला, वेगळा चमचा आला. श्यामकांत मला स्वतः राखेनं घासत. ऑफिसात सेक्शन ऑफिसर म्हणून ते माणसांना उभं-आडवं झापत, पण घरी एका अंड्यासाठी थंडीत मफलर गुंडाळून बाहेर उकिडवे बसत. तरी ती वर्षं मानाची होती. "काय झकास उकडतं हे पातेलं!" असं ते मोठ्यानं म्हणत. आत ऐकू जावं म्हणूनच म्हणत असावेत.

सतरा वर्षं अशी गेली. मग एक दिवस त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट. कुमुदताई जाळीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी सांगत होते ना अहो! हे बाहेरचं खाणं नडलं."

श्यामकांतनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. माझा स्टोव्ह त्याच दिवशी कोणालातरी देऊन टाकला आणि माझ्यात कबुतरांसाठी पाणी भरून ठेवलं. दिल्लीची कबुतरं तुम्हाला ठाऊक आहेत ना? पाणी पितात, त्यातच पाय धुतात आणि वर काठावर बसून घाण करतात. तरीही सांगतो, आत जे चाललं होतं त्यापेक्षा कबुतरांची संगत बरी होती.

आत पथ्य सुरू झालं होतं. अंडं सुटलं, आता अशक्तपणा यायला नको, म्हणून कुमुदताई रोज सकाळी शिरा करू लागल्या. श्यामकांतच्या ऑफिसातले मलिकसाहेब पानिपतहून घरचं साजूक तूप आणून देत. ते एका पितळी डब्यात ओट्यावर दिमाखात बसलेलं असे. शिऱ्यात तूप, वरणभातावर तूप, साबुदाण्याच्या खिचडीत तूप. पराठा तर तुपात पोहून ताटात यायचा. या घराचा हिशोबच असा होता की, आत शिजलं ते पथ्य आणि बाल्कनीत शिजलं ते पाप. एवढी शिकलेली माणसं! फायलीतला स्वल्पविराम चुकला तर श्यामकांतना दिसायचा, ताटातलं तुपाचं थारोळं दिसायचं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. दोनशे एक्याण्णव.

"इतक्या वर्षांचं अंड्याचं साचलेलं आहे," कुमुदताई म्हणाल्या. "हळूहळू निघेल." आणि शिऱ्यात आणखी एक चमचा तूप पडलं. मला या वेळी भंगार नेणाऱ्या कबाडीवाल्याला देऊन टाकायचं ठरलं.

कबाडीवाला येण्याआधीच जिन्यात श्यामकांतच्या छातीत कळ आली. दोन दिवस इस्पितळात काढून ते परतले. झटका नव्हता, पण पुढच्या वेळी असा इशाराही मिळणार नाही, असं तिथं सांगितलं होतं. खालच्या मजल्यावर डॉक्टर विजयालक्ष्मी राहत. त्या विचारपूस करायला वर आल्या. श्यामकांत बाल्कनीत उन्हाला बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोरच घडलं.

कुमुदताईंनी रीतीप्रमाणे पाहुणीच्या हातात शिऱ्याची वाटी दिली. डॉक्टरीणबाईंनी एक घास घेतला, बोटांना लागलेलं तूप पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

"बहनजी, ये रोज़ खाते हैं?"

"रोज़! अंडा तो बिल्कुल बंद कर दिया," कुमुदताई अभिमानानं म्हणाल्या.

"अंडा हफ़्ते में तीन-चार चलेगा, उबला हुआ। बंद तो ये घी करना था। गोली रोज़ लीजिए और तला हुआ भी छोड़िए।"

कुमुदताईंचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाई गेल्यावर त्यांनी मराठीत हळूच विचारलं, "म्हणजे मीच? माझ्याच हातानं?"

श्यामकांत कबुतरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं. पहिल्या रिपोर्टबरोबर कागद दिला होता पथ्याचा. त्यात तुपाचं लिहिलं होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मला शिरा आवडायचा. तू अंड्याला बोल लावलास, मी म्हटलं, बरं झालं."

मित्रांनो, माझ्यात सतरा वर्षांत कितीतरी अंडी नासकी निघाली, पण इतका वाईट वास कधी आला नव्हता. ती बाई ज्या मायेनं रोज तूप वाढत होती, ती माया या गृहस्थानं जिभेसाठी वापरली आणि दोष ढकलला माझ्यावर. कुमुदताई भांडल्या नाहीत. त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या. माझ्यातलं कबुतरांचं पाणी ओतून त्यांनी मला चिंचेनं लख्ख घासलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हात मला लागला. उंबऱ्याशी त्या क्षणभर थबकल्या आणि मग मला सरळ आत, गॅसवर नेऊन ठेवलं. अंडं किती वेळ उकडायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. घड्याळाकडे बघत त्या उभ्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

काम झालं की मला अजूनही बाल्कनीतच ठेवतात. माझी तक्रार नाही. तुम्हाला मात्र एवढंच सांगतो, घरात कोणी आजारी पडलं तर बाहेर ठेवलेल्या भांड्याला बोल लावण्याआधी आतले डबे उघडून बघा आणि ताटावर बसलेल्यालाही विचारा.

कबुतरांच्या पाण्यासाठी कुमुदताईंनी आता दुसरं भांडं ठेवलं आहे. तो पानिपतच्या तुपाचा पितळी डबा आता ओट्यावरून उठून बाल्कनीत माझ्या शेजारीच आला आहे. अजून तो माझ्याशी बोलत नाही.