बोलल्याचे डाग

“माणूस तलवार निवडत नाही, तलवार माणूस निवडते,” असं डॉक्टरांनी जाहीर केलं आणि चादरीत गुंडाळलेली लांब वस्तू दोन्ही हातांनी पारख्याच्या टेबलावर ठेवली.

“उलटी ठेवलीत,” पारखी म्हणाला.

डॉक्टरांनी ती फिरवली.

“आता मूठ नको त्या बाजूला गेली.”

डॉक्टरांनी पुन्हा फिरवली. तलवारीनं ज्यांना निवडलं होतं त्यांच्या कपाळावर घाम आला.

डॉक्टर दातांचे होते. जपानी तलवारींचा नाद लागून त्यांना पाच महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यांनी तीन पुस्तकं वाचली होती. तीस पुस्तकं वाचलेला माणूस गप्प होतो. तीन वाचलेल्याला आवरणं कठीण. रोग्याच्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस घालून ते त्याला पोलादाच्या घड्यांबद्दल सांगत, आणि रोगी “आं” म्हणाला की तो होकार धरत. अशाच एका म्हाताऱ्या बाईंच्या कवळीचं माप घेताना, तोंडातला लगदा घट्ट होईपर्यंतच्या तीन मिनिटांत, आपल्याला एक खरीखुरी जुनी तलवार हवी आहे असं त्यांनी बोलून दाखवलं. लगदा निघाल्यावर आजी तोंड पुसत म्हणाल्या, “आमच्याकडे आहे की. ह्यांची. घेऊन जा एकदाची.”

त्यातलं ‘एकदाची’ डॉक्टरांच्या कानावरून गेलं.

पारख्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक खिडकी, एक वाकत्या दांड्याचा दिवा, आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला तो स्वतः. त्यानं तलवार साध्या लाकडी म्यानातून काढली, बोटभर पितळी हातोडीनं मुठीतली बांबूची खुंटी ठोकून बाहेर घेतली आणि मूठ वेगळी केली. मुठीत दडलेलं पोलाद काळंकुट्ट गंजलं होतं. डॉक्टरांचं नख आपसूक पुढे झालं. कीट दिसलं की खरवडायचं, यावरच त्यांचं घर उभं होतं.

“खबरदार,” पारखी म्हणाला. “हा गंज म्हणजे हिचा जन्माचा दाखला. हा काढलात तर ही काल जन्मली.”

मग त्यानं खिशातून पांढऱ्या कागदाची घडी काढली, ओठांत धरली आणि पातं दिव्याखाली उभं केलं. तोंडात काहीतरी असलेल्या माणसाशी बोलायची डॉक्टरांना तीस वर्षांची सवय होती. धारेच्या कडेनं जाणाऱ्या दुधाळ रेघेबद्दल, म्हणजे पोलादाला पाणी देताना उमटते त्या रेघेबद्दल, पुस्तकात काय म्हटलंय ते त्यांनी सांगायला घेतलं. पारख्यानं एक बोट वर केलं. डॉक्टर थांबले. असं त्यांना कधी कोणी केलं नव्हतं.

बराच वेळ गेला. पारख्यानं पातं कापडावर आडवं ठेवलं आणि कागद ओठांतून काढला.

“अस्सल आहे. चारशे वर्षांची असेल. नाव कोरलेलं नाही, पण हात मोठ्या माणसाचा आहे.”

डॉक्टरांनी कोणीतरी टाळ्या वाजवतंय असं तोंड केलं.

“पण हिच्याशी कोणीतरी बोलत होतं.”

“म्हणजे?”

पारख्यानं भिंग पुढे सरकवलं. मुठीपासून वीतभर अंतरावर, एका बाजूला, सुईच्या टोकाएवढे शेकडो तपकिरी ठिपके होते.

“पातं तोंडाशी धरलेलं असताना आम्ही ओठ उघडत नाही. बोलण्याबरोबर वाफ जाते, थुंकीचे कण जातात. आपल्याला दिसत नाहीत, हिला लागतात. खोकला-शिंक असेल तर डाग विखरून पडतात. हे एकाच जागी आहेत. तोंड रोज तिथेच. वर्षानुवर्षं.”

“केवढा बोलला असेल माणूस!”

“बोलला असेल की बोलली असेल, ते डागावरून कळत नाही.”

डॉक्टर हसले. पारखी हसला नाही.

“पॉलिश करून निघतील?” डॉक्टरांनी विचारलं.

“निघतील. पण दर पॉलिशला हिचं कातडं जातं. आता अंगावर एकाच पॉलिशपुरतं उरलंय. त्याच्या आत मऊ लोखंड. ते दिसलं की तलवार संपली, मग भिंतीला खिळा मारून लटकवा. म्हणून आत्ता हात लावायचा नाही. महिनाभर तेल लावा, रोज बघा. डाग वाढले नाहीत तर मी माझ्या सहीनं कागद देतो, ही अशीच आणखी शंभर वर्षं जाईल. वाढले, तर...” पुढचं त्यानं कापडाबरोबर घडी घालून ठेवलं. “आणि तिच्यासमोर बोलू नका.”

“मी?” डॉक्टर दुखावले. “मी तसा मितभाषी माणूस आहे.”

पारख्यानं कागद पुन्हा ओठांत धरला.

मुलगी लग्न होऊन गेल्यापासून रिकामी पडलेली मागची खोली तलवारीला मिळाली. दवाखाना दुपारी एक वाजता बंद होई, साडेतीनला पुन्हा उघडे. डॉक्टर घरी येत, फोन बाहेर चार्जिंगला लावत, तोंडाला दवाखान्यातला मास्क बांधत आणि खोलीचं दार लोटून घेत. जुनं तेल पुसायचं, पातं पाहायचं, नवं तेल लावायचं. त्या तेलाला लवंगेचा वास होता. दुखऱ्या दातावर ते स्वतः लावत त्याच लवंगेचा. चारशे वर्षं आणि एक समुद्र ओलांडून ही बाई आपल्याच दवाखान्याचा वास घेऊन आली, या योगायोगावर त्यांना बरंच बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. पाच-दहा मिनिटांनी बाहेर येत आणि मास्क काढून हाताला लावून बघत. तीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना माहीत होतं की मास्कमध्ये बोललं की तो आतून ओला होतो. मास्क रोज कोरडा ठणठणीत असे.

पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात ते बाहेर आले तेव्हा ताटावर ताट झाकलेलं होतं आणि बायको जेवून उठली होती.

“थांबली नाहीस?”

“हं,” बायको म्हणाली. ती एवढंच म्हणे. डॉक्टरांच्या बोलण्यात यापेक्षा मोठा शब्द शिरायला फट नसे.

तिसऱ्या आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सचा घरी फोन आला. “डॉक्टर, निघताय ना? साडेचार वाजले. एक जण तासभर गाल धरून बसलाय, आता रडेल.” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. आपल्याला दहा मिनिटं झाली असतील असं त्यांना वाटत होतं. नाद नाद म्हणतात तो हाच, असं म्हणत त्यांनी चपला चढवल्या. त्यांना थोडा अभिमानही वाटला. रस्त्यात त्यांनी मास्क चाचपला. कोरडा.

याच दिवसांत कधीतरी बायकोनं केस कापून घेतले. डॉक्टरांच्या ते चार दिवसांनी लक्षात आलं, तेही एका रोग्यानं सांगितलं म्हणून.

महिना भरला त्या दिवशी डॉक्टरांनी तलवार सुलटी ठेवली, मूठ योग्य त्या बाजूला केली आणि हात मागे बांधून उभे राहिले. पारख्यानं पातं दिव्याखाली धरलं. भिंग घेतलं. पातं उलटलं, पुन्हा भिंग घेतलं.

“दुप्पट झालेत. आणि या बाजूला नव्हते, तिकडेही आलेत.” त्यानं वर पाहिलं. “बोललात तुम्ही.”

“आईशप्पथ नाही. मास्क लावत होतो. रोज तपासत होतो. कोरडा असायचा.”

“घरात आणखी कोण?”

“बायको. ती त्या खोलीत जात नाही. आणि गेली तरी ती हं म्हणेल. ह चे डाग पडतात का?”

पारख्यानं कागदाची घडी ओठांत धरली आणि पातं तोंडासमोर उभं केलं, इतकं जवळ की कागदाची लोंबती कड पोलादापासून बोटभर राहिली. खिडकी बंद होती. पंखा बंद होता. पारख्यानं श्वास रोखला होता. त्याच्या गळ्याचं वरचं बटण हलत नव्हतं.

कागदाची कड हलली. पात्याकडे नाही, पारख्याकडे. थोडी उचलली गेली, खाली आली, पुन्हा उचलली गेली. समोरून कोणी सावकाश, न थकता, काही सांगत असावं तशी.

पारख्यानं तलवार म्यानात घातली. तेल लावायचं राहिलं. अशी चूक तो करत नसावा, कारण त्याचं त्यालाच ते विचित्र वाटलं आणि त्यानं हात मांडीखाली ठेवले.

“आजच्या आज घेऊन जा.”

“पॉलिशला ठेवून नाही घेणार?”

“इथे मी एकटा असतो. मला कोणाचं ऐकून घ्यायला वेळ नाही.”

“अहो, पण शेवटचं का होईना, पॉलिश—”

“पॉलिशनं कातडं जाईल. तोंड बंद होईल का? आधी बोलतंय कोण ते बघा, मग माझ्याकडे या.” दार लावता लावता तो म्हणाला, “नाही आलात तरी चालेल.”

डॉक्टरांनी जिन्यातूनच आजींना फोन लावला.

“कवळी झकास बसलीये हो,” आजी म्हणाल्या. “काल तर शेंगदाणे खाल्ले.”

“छान. आजी, एक विचारायचं होतं. तुमचे मिस्टर तलवारीशी बोलायचे का?”

“हे? छे हो. दिवसाला चार शब्द. त्यातले दोन ‘चहा झाला?’”

“मग दुसरं कोणी?”

पलीकडे आजींनी जिभेनं कवळी वरखाली केल्याचा आवाज आला.

“तुमच्या घरी कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“मी आणि बायको.”

“त्यांना ऐकू नीट येतं ना?”

“येतं की.”

“मग त्यांना विचारा. मला काय विचारता?” आजींनी फोन ठेवला.

डॉक्टर घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. तलवार मागच्या खोलीत ठेवून, दार लोटून, ते ओट्याशी येऊन उभे राहिले. काय विचारायचं ते त्यांनी जिन्यात, रस्त्यात आणि फाटकात तीनदा जुळवलं होतं.

“मी दुपारी आत असतो तेव्हा तुला काही ऐकू येतं का गं?”

बायकोचा हात थांबला. तिनं फडकं धुतलं, पिळलं, पसरून घातलं, त्याची कड सरळ केली.

“विचारलंत एकदाचं,” ती म्हणाली. “कोण आहे ती?”

“कोण?”

“फोनवरची.”

“फोन बाहेर असतो. तुझ्यासमोर चार्जिंगला.”

“दुसरा घेतला असेल. आजकाल घेतात.” ती स्टुलावर बसली. “महिना झाला, ऐकतेय मी. तुम्ही काही बोलत नाही. ती बोलते. एकसारखं बोलते. शब्द कळत नाहीत, आपल्यातली नाही ती. पण भांडत नसते, एवढं कळतं. काहीतरी सांगत असते, पहिल्यापासून. आणि तुम्ही मधूनमधून हं म्हणता.”

“मी?”

“हं म्हणता. तोंड मिटून. परवा तर हसलात.” तिनं कापलेल्या केसांवरून हात फिरवला. “बाई आहे हेही मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण तुम्ही हं म्हणता, त्याचं वाईट वाटलं. मी काही सांगत असताना कधी म्हणाला नाहीत.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आत काहीही नसताना त्यांना “आं” याखेरीज काही म्हणता येईना. त्यांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

बायको उठली. दार ढकलून तिनं आत पाहिलं. टेबल, खुर्ची, आतून कडी घातलेली खिडकी, तेलाची बाटली. कोणी नव्हतं. मुलीचं रिकामं कपाटसुद्धा तिनं उघडून बघितलं. मग ती टेबलाशी गेली, आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी बोटं तिनं लाकडी म्यानाला लावली. जराशा वेळानं तिनं मान तिरपी करून कान जवळ नेला.

डॉक्टर उंबऱ्याच्या अलीकडेच राहिले.

“हीच का?” बायकोनं न वळता विचारलं.

“हं,” डॉक्टर म्हणाले.

बायकोच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं.

“हुश्श! मी म्हटलं, कोणी बाईबिई आहे की काय.”

“मी आजच परत नेऊन देतो.” डॉक्टरांचा आवाज चिरका निघाला. “आजी नको म्हणाल्या तर नदीत टाकतो.”

“कशाला? राहू दे.”

“अगं, डाग पडतायत तिच्यावर. संपेल ती.”

“बोललं की डाग पडायचेच. इतकी वर्षं बोललीये, आता काय गप्प बसणारे?” तिनं टेबलावरची धूळ पदरानं पुसली, खुर्ची जराशी आत सरकवली आणि दाराशी येऊन डॉक्टरांच्या अंगावरून स्वयंपाकघराकडे जाता जाता थांबली.

“फक्त तिला एवढं सांगा, जेवायच्या वेळेला नको. गार होतं.”