तिचा उपवास, माझी पाठ

मी कोकोना बोलतेय. कासव आहे मी, जमिनीवरचं, पाला खाणारं. माझं बोलणंही चालण्यासारखंच सावकाश. घाई असेल तर तुम्ही पुढे व्हा. थांबलात तर माझ्या पाठीची गोष्ट सांगते. ही पाठ पुन्हा टणक होते की नाही, यावरच माझं जगणं अडलंय.

माझं वय मला ठाऊक नाही. आमच्यात कोणी मोजत नाही. डोंगरउतारावर ऑलिव्हच्या झाडाखाली मी अंड्यातून बाहेर आले. आईचं तोंड पाहिलं नाही. अंडी पुरून आया निघून जातात, आमची रीतच तशी. पहिला घास घेतला तो कडू पानाचा, आणि मग कडूच खात गेले. रानभाजी, काटेरी झुडपांचे कोवळे शेंडे, उन्हाळ्यात वाळकं गवत. दिवसभर उन्हात. पाठ अशी घट्ट आणि गुळगुळीत भरली की एकदा बकरीने खूर दिला, तर बकरीच दचकली.

अनेस्टिसने मला उचललं तेव्हा मी मुठीएवढी होते. बकऱ्या घेऊन घरी चालला होता. मला टोपीत घातलं आणि बायकोपुढे नेऊन ठेवलं.

"गारुफालिया, बघ, पाहुणी आणलीय तुला."

"टोपी झटकून घे नीट, आणखी दोन-चार निघतील," ती म्हणाली. पण हात माझ्या पाठीवरून फिरवला. कोकोना हे नाव तिनेच ठेवलं. त्यांच्याकडे मोठ्या घरच्या बाईला तसं म्हणतात.

अंगण तेव्हा मातीचं होतं. जे आपोआप उगवायचं ते मी खायचे. माणसं त्याला तण म्हणायची. थंडी लागली की अंजिराच्या मुळाशी माती उकरून झोपायचे, वसंतात वर यायचे. कोणाला माझं काही करावं लागत नव्हतं.

मग अनेस्टिस गेला. मुलगा फोटिस अथेन्सहून आला, आणि आईला झाडलोट नको म्हणून त्याने सगळं अंगण सिमेंटचं करून टाकलं. गाडी उभी राहायला जागा झाली. गाडी वर्षातून दोनदा येते. मला जिन्याखालची पेटी मिळाली, तळाशी थंडीत झोपण्यापुरती माती. तिथे दुपारी दोन वीत ऊन यायचं आणि लगेच जायचं.

आता गारुफालियाचे उपवास. ईस्टरआधीचे चाळीस दिवस, नाताळआधीचे चाळीस, ऑगस्टातले पंधरा, शिवाय बुधवार आणि शुक्रवार. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. कडक दिवशी तेलसुद्धा नाही. पण कोंबड्यांना उपवास कळत नाहीत, त्या अंडी घालतातच. शेजारची पागोना बकरीच्या दुधाचं चीज आणून देतेच. उपाशी दिवस काढलेली बाई, तिला अन्न टाकवत नाही. मग ते सगळं माझ्यापुढे.

"मला उपवास, तुला कुठे आहे गं? खा."

स्वतः डोंगरावर जाऊन सुरीने रानभाजी खुडून आणायची, उकडायची, लिंबू पिळायची आणि ताट पुसून खायची. मी जिन्याखाली चीज, उकडलेलं अंडं, दुधात भिजवलेला पाव. माझं ताट तिच्यापुढे आणि तिचं माझ्यापुढे. वर्षानुवर्षं हे चाललं. ज्या दिवशी तेल खायचं नसे त्या दिवशी ते माझ्या पाठीला चोळायची. पाठ चकाकायची. येणारे-जाणारे म्हणायचे, काय तेज आहे!

खोटं कशाला बोलू? चीज मला आवडायला लागलं होतं. कडू पान पुढे आलं तर मी मान आत घ्यायचे.

पाठीवर टेंगळं आली, एकेका चौकटीवर एकेक, उपडी वाटी ठेवावी तशी. गारुफालिया कौतुकाने म्हणायची, "भरलीस गं बाई, भरलीस." मग चालताना पाय ओढू लागले. मग नुसतं बसून राहावंसं वाटू लागलं.

यंदा मार्चमध्ये ती त्याच सिमेंटवर घसरली. मनगट मोडलं. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडं पोकळ झालीत, रोज दूध आणि चीज पाहिजे. ती "बरं" म्हणाली, घरी आली आणि चीज मला घातलं. ईस्टरचा उपवास सुरू झाला होता.

त्याच दिवसांत मेल्पो आली. जनावरांची डॉक्टर. आली होती पागोनाच्या बकऱ्यांना टोचायला. जाता जाता तिने मला उचललं आणि पाठीवर अंगठा दाबला. पाठ आत गेली. मीच घाबरले.

"आजी, ही कणिक झालीय. काय खाते?"

"मी खात नाही ते सगळं खाते. लाडाची आहे."

"लाडाने मारताय तिला. हे तिला पचत नाही. कडू पाला द्या, दिवसभर ऊन द्या, समुद्रफेस, किनाऱ्यावर मिळतं ते माकुळाचं हाड, चघळायला द्या. आणि तेल बंद, पाठ गुदमरते. थंडीपर्यंत कवच घट्ट झालं नाही, तर मातीखाली झोपू द्यायचं नाही. झोपली तर तिथेच कुजेल."

गारुफालिया खाली बसली. "मग चीजचं काय करू, पोरी?"

"तुम्ही खा की! हात गळ्यात बांधून बसलाय ते कशासाठी?"

"साठ वर्षांत मोडला नाही मी उपवास."

"मनगट मोडलं ना पण?" पागोना म्हणाली. "पाद्रीबुवा आजाऱ्याला सूट देतात. तुलाच तेवढा स्वर्ग घाईने गाठायचाय."

पागोनाने पेटी गच्चीवर उन्हात नेली. तिच्या नवऱ्याने किनाऱ्यावरून समुद्रफेस आणला. पागोना स्वतः रोज टोपलीभर रानभाजी आणू लागली. आणि मी? मी तोंड लावलं नाही. आठ दिवस. जिभेला सवय दुसरी, त्याला मी काय करू?

गारुफालिया रडकुंडीला आली. नवव्या दिवशी, बुधवार होता, एप्रनआड चीज लपवून वर आली. माझ्यापुढे धरलं. मी मान लांब केली. तिने हात मागे घेतला, पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला.

"नाही," ती म्हणाली. "मरशील तू. हे बघ, कोकोना. मी खाते. मी खाल्लं की तू खायचंस."

छातीवर क्रूसाची खूण केली, आभाळाकडे बघितलं नाही, आणि चीज तोंडात टाकलं. चघळत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. घास गिळला आणि एक कडू पान माझ्या नाकाशी धरलं. मी पान धरलं. कडूजहर लागलं. पण खाल्लं.

तेव्हापासून आम्ही दोघी गच्चीवर समोरासमोर जेवतो. दोघींना आपापलं ताट आवडत नाही. तिचं मनगट जुळलं. माझ्या पाठीची कड घट्ट झाली. टेंगळं मात्र जायची नाहीत, ती जन्माची झाली.

काल मेल्पो पुन्हा येऊन गेली. थंडी तोंडावर आलीय. कडेला अंगठा दाबून म्हणाली, "छान." मधोमध दाबला तेव्हा पाठ थोडी लवली. "यंदा नाही, आजी. यंदा उबेत जागी ठेवायची. पुढच्या वर्षी बघू."

सगळ्यांना आनंद झाला, वाचली म्हणून. मला झोप हवी होती. फार दमलेय मी. मातीखाली चार महिने काही ऐकायचं नाही, काही चावायचं नाही, यासाठी मी अख्खा उन्हाळा कडू गिळला.

तुमच्याकडे माझ्या जातीचं कोणी असेल तर तुमच्या ताटातलं देऊ नका हो. तण उपटून फेकता ते आणून द्या, ऊन अडवू नका, तेवढं पुरे. फार माया आली तर नुसतं बाजूला येऊन बसा.

गारुफालियाने आज माझी पेटी स्वयंपाकघरात दिव्याखाली आणलीय. बाहेर वारा सुटलाय. तिचं चीज संपलं. ती माझ्याकडे बघतेय. डोळे मिटत चाललेत माझे, पण अजून एक पान उरलंय. खाते.