तोंडातले पन्नास

वळणाआधी सहायक चालकाने वेगाची पाटी मोठ्याने वाचायची आणि मुख्य चालकाने तेच परत म्हणायचं, असा इंजिनातला नियम होता.

"काका, पुढे वळण. वेग पन्नास!" सहायक मुलगी ओरडली.

"वेग पन्नास," काका म्हणाले. तीस वर्षं गाडी चालवताना हेच म्हणत आलेले, त्यामुळे शब्द आपसूक तोंडातून पडले. डोळे मात्र घड्याळावर होते. गाडीला अकरा मिनिटं उशीर झाला होता, आणि उशीर म्हटला की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वेगाचा काटा नव्वदवरून हलेना. तिने काट्याकडे बोट दाखवलं.

"काका, पन्नास!"

"वेग पन्नास! बहिरा नाही मी!" काका खेकसले. हात मात्र ब्रेककडे गेलाच नाही.

वळण अंगावर धावून येत होतं आणि मागे सहाशे माणसं बसली होती. मोठ्यांचा मान गेला खड्ड्यात, असं म्हणत तिने आपल्या बाजूचा आणीबाणीचा ब्रेक ओढला.

चाकं किंचाळली, चहाचा थर्मास गडगडत गेला आणि गाडी वळणात अर्धी शिरून थांबली.

काकांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी पन्नास म्हटलं होतं ना गं?"

"दोनदा म्हटलंत, काका."