कोऱ्या पंख्याची शाल

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे, छोट्या बोटीच्या इंजिनाखाली पाण्यात फिरणारा. म्हणजे फिरायला हवा होता असा. जुना असूनही मी अगदी कोरा आहे आणि हीच माझी लाज आहे.

कारखान्यात मला चार पाती मिळाली. आरशासारखं घासून मला शनिवार पेठेत, हिंमतरावांच्या दुकानात पाठवलं. शेजारी तीन पात्यांचा एक काळा पंखा होता. त्याच्याकडे कुणी बघत नसे. मला ते योग्यच वाटे.

धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या घरांत शिरतं, म्हणून तिथल्या गणेश मंडळाने बोट घेतली होती. बोटीचा पंखा मोडलाच तर जोडीला दुसरा हवा, म्हणून अध्यक्ष उत्तरेश्वर आणि चिटणीस नम्रता दुकानात आले. पंख्याच्या मधल्या भोकातल्या खाचा इंजिनाच्या दांड्याशी जुळाव्या लागतात, तेव्हा आधीचा पंखा काढून आणा, असं हिंमतरावांनी सांगितलं. नम्रता आणायला निघालीही. पण उत्तरेश्वरांनी मोबाइलमधला फोटो पुढे केला. फोटोत बोट थोडी आणि उत्तरेश्वर बरेच होते.

तेवढ्यात त्यांना माझ्यात स्वतःच्या मिशा दिसल्या.

"हाच द्या," ते म्हणाले. "चार पाती आहेत. एक तुटलं तरी तीन उरतात."

मंडळात माझी पूजा झाली, हार पडला. कार्यकर्ते माझ्यात बघून भांग पाडत. बसवून बघायचं तेवढं राहिलं.

मग पाणी सोडलं. नदीकाठच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या मथुराबाई आजी एकट्याच अडकल्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर उभ्या, तरी पाणी कमरेला. बोट निघाली आणि सोसायटीच्या गेटापाशी बुडालेल्या स्कूटरवर पंखा आपटून मोडला. नम्रताने मला पिशवीतून काढून दांड्यावर सरकवलं. मी सरकलो नाही. तिने दाबलं, फिरवलं. उत्तरेश्वरांनी नमस्कार करून बघितला. खिडकीतून मथुराबाईंच्या हाका येत होत्या. मग हाका थांबल्या.

मित्रांनो, तेव्हा मी वितळून जायला तयार होतो. तेही मला जमेना.

नम्रताने गेटावरची 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी उपटली आणि त्या पाटीनेच वल्हवत बोट खिडकीशी नेली. पाण्याखाली चार मोटारी लावलेल्या होत्या. मथुराबाईंना आत ओढलं तेव्हा पाणी त्यांच्या हनुवटीला लागलं होतं. त्यांनी श्वास घेतला, इंजिनाकडे बघितलं.

"हा देखावा आहे का रे?"

उत्तरेश्वरांनी मला घाईने पिशवीत घातलं.

पुढे सत्कार झाला. शाल मला. ज्याच्यामुळे आजी वाचल्या तो हा, असं उत्तरेश्वर माझ्याकडे हात करून सांगत होते. पहिल्या रांगेतून मथुराबाई उठल्या. माझ्यावरची शाल काढून त्यांनी ती नम्रताच्या खांद्यावर टाकली आणि मला उत्तरेश्वरांच्या हातात दिलं.

"हा घे. बदलून आण."

विकलेला माल हिंमतराव परत घेत नाहीत. माझ्या वेळी घेतला, कारण मथुराबाई सोबत आल्या होत्या.

मित्रांनो, जोडीची वस्तू आणाल ती आधी बसवून बघा, पुसत मागाहून बसा. आणि कधी या दुकानात आलात तर मी चमकत असेन. तिकडे लक्ष देऊ नका. ते मला थांबवता येत नाही.