क्लेमचं केळं

पार्सनिपला कडक थंडी लागल्याशिवाय गोडी येत नाही. म्हणून परसातली जमीन गोठेपर्यंत आई त्या गाजरासारख्या पांढऱ्या मुळांना कुणाला हात लावू देत नसे. दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेनाशी झाली, तेव्हा रेडिओवरची बाई रोज त्यांचे गोडवे गायची. सूप करा, भाजा, केकमध्ये घाला, पोटाला आधार आणि अंगाला ताकद! तिला स्वतःला रोज खावं लागत नसावं.

माझा धाकटा भाऊ क्लेम युद्धाच्या तोंडावर जन्मला. पुस्तकात केळ्याचं चित्र पाहून त्यानं हट्ट धरला. तेव्हा इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या हल बंदरात केळं औषधालासुद्धा नव्हतं. आईनं पार्सनिप उकडून कुस्करलं, त्यात केळ्याच्या इसेन्सचे दोन थेंब टाकले आणि पावाला लावून दिलं. "घे, हे केळं!" मग काय, पठ्ठ्या रोज चहाच्या वेळी तेच मागायचा आणि बशी चाटूनपुसून लख्ख करायचा. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तो घटसर्पानं गेला.

त्यानंतर रोज चहाच्या वेळी स्वयंपाकघरात त्या इसेन्सचा वास यायला लागला. बाटली तर कधीच संपली होती. वास मला यायचा, बाबांनाही यायचा. मी जाम घाबरायचे, उगाच शूरपणा कशाला सांगू? आईनं मात्र अन्नच टाकलं.

"त्याला कळलंय, विने," ती मला म्हणायची. "आईनं फसवलं म्हणून खरं केळं मागतोय. ते दिल्याशिवाय माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

तिची हाडं दिसायला लागली. बाबा गोदीतून आले की मला बाजूला घ्यायचे. "पोरी, ही पण हातची जाणार बघ."

पुढच्या हिवाळ्यात केळी आली, तीही फक्त मुलांच्या रेशनवर. मी पंधराची, म्हणून मला मिळाली. आईनं एक केळं कुस्करून पावाला लावलं आणि क्लेमच्या खुर्चीसमोर ठेवलं. वास दाटून आला. मग बशी सरकली. नावडतं वाढलं की तो ढकलायचा, अगदी तशीच.

"माफ नाही करत गं तो मला!" आई किंचाळली.

माझं डोकंच फिरलं. "अगं आई, त्याला हे काय ठाऊक? तू द्यायचीस तेच त्याचं केळं!"

मी परसात धावले आणि गोठलेल्या मातीतून एक पार्सनिप खणून काढलं. उकडलं, कुस्करलं. इसेन्स नव्हता, साखरही नव्हती. आईनं बशी त्याच्या खुर्चीसमोर ठेवली. आम्ही तिघं बशीकडे बघत बसलो. या वेळी बशी हलली नाही आणि हळूहळू वास विरून गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, नंतरही कधी आला नाही.

आई जेवायला लागली. बाबांच्या जिवात जीव आला. मग एकदा चहाच्या वेळी ती हातातला घास तसाच धरून हमसाहमशी रडायला लागली.

"विने, आता तो काही मागतच नाही गं."