भोंग्याची तोंडी परीक्षा

कापडगिरणीच्या मागांच्या खात्यात आवाज असा, की आत शिरलेल्या माशीला स्वतःची भुणभुण ऐकू यायची नाही आणि बिचारी आपण माशी आहोत हेच विसरून कापडावर नक्षीसारखी बसून राहायची. खोटं वाटत असेल तर त्या खात्यातल्या कोणालाही विचारा. फक्त कानाशी ओरडून विचारा.

तिथं बोलण्याच्या तऱ्हा दोनच. शेजारच्याच्या कानात बोंब ठोकायची, आणि समोर लांब उभा असेल त्याच्याशी नुसते ओठ हलवायचे. आवाज वाया कशाला घालवा? भोंग्याला भोंगा म्हणत ते त्याच्या बोंबेमुळे, पण लग्न जमलं ते ओठांवर. समोरच्या मागावरच्या मुलीला त्यानं हूं की चूं न करता मागणी घातली, तिनं तसाच होकार दिला, आणि तो वाचून अख्ख्या ओळीनं टाळ्या वाजवल्या. त्याही कोणाला ऐकू आल्या नाहीत.

मग जहाजं भरभरून परमुलखातलं कापड यायला लागलं. इतकं स्वस्त, की तेवढ्यात गिरणीला सूतसुद्धा मिळेना. गिरणीला कुलूप लागलं. बाहेरच्या मालानं ज्यांचं काम खाल्लं त्यांच्यासाठी सरकारनं मदत काढली: चूल पेटती राहील एवढा भत्ता, आणि नवं काम शिकवणारा वर्ग. परीक्षा पास झालात तर नोकरी. नापास झालात तर भत्ताही बंद.

भोंग्याच्या वाट्याला आलं दवाखान्यात फोन घ्यायचं काम.

"देवालासुद्धा थट्टेची खोड आहे," बायको म्हणाली, आणि कानाला वाटी लावून स्वयंपाकघरातून तालीम घ्यायला बसली.

"हॅलो, डॉक्टर आहेत का?"

"आहेत!"

शेजारणीचं बाळ दचकून रडायला लागलं.

"अहो, पेशंट फोनवर आहे, वेशीबाहेर नाही! हळू."

"हळू म्हणजे किती?"

"मी रुसल्यावर मनवायला येता ना, तेवढं."

हे माप त्याला कळलं. हळूहळू घसा ताळ्यावर आला. शेजारणीचं बाळ दुपारभर झोपायला लागलं.

परीक्षेची खोली मधोमध काच लावून दुभागली होती. अलीकडे भोंगा आणि फोन, पलीकडे दुसरा फोन घेऊन वर्गाच्या बाई, त्याच्या मुलीच्या वयाच्या. बाईंच्या मागं बाकावर बायको.

"काका, घाबरू नका. मी पेशंटची नात. घंटी वाजली की बोलायचं."

घंटी वाजली. भोंग्यानं फोन उचलला, मान वर केली. समोर, लांब, एक चेहरा, हलणारे ओठ. झालं! उभा जन्म ज्या वळणानं गेला, त्याच वळणानं तो बोलायला लागला. नुसत्या ओठांनी.

"हॅलो? आजीला धाप लागतेय, डॉक्टर कधी येतात? काका, बोला ना. हॅलो?"

भोंगा बोलतच होता. नमस्कार झाला. डॉक्टर संध्याकाळी येतात हे सांगून झालं. आजींना धाप लागत असेल तर संध्याकाळची वाट बघू नका, आत्ता घेऊन या, मी आत सांगून ठेवतो, हेही झालं. बाकावरची बायको शब्द न् शब्द वाचत होती. तिला राहवलं नाही. उठून बाईंच्या डोक्यावरून तिनं ओठ हलवले, "आवाज! अहो, आवाज काढा!"

भोंगा भानावर आला आणि घाबरला. घाबरलेल्या माणसाला रुसव्याचं माप कुठलं आठवणार? त्यानं गिरणीतली बोंब ठोकली. बाईंच्या हातातून फोन पडला.

जरा वेळानं त्या काचेअलीकडे आल्या. कान लाल झाला होता, डोळेही.

"काका, हे सगळं टेप होतं. तपासणारे वर बसलेत. माझ्या हातात असतं तर..."

"तुमच्या कानाला लागलं का हो, बाई?" भोंग्यानं विचारलं.

घरी जाताना वाटेत गिरणी लागत होती. दाराशी दोघं थांबली. कुलपाभोवती एक माशी घोंघावत होती आणि तिची भुणभुण साफ ऐकू येत होती.

"मी नीट बोललो होतो का गं?"

हा आवाज बरोब्बर होता. परीक्षेला हवा होता तेवढाच.

बायकोनं नुसते ओठ हलवले. "एक शब्द चुकला नाही तुमचा."

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचायला मिळावं म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.